पंच मोठा की पुस्तक?

१९७५ सालच्या उन्हाळ्यात गॅरी गायगॅक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थानं एका पत्रात लिहिलं होतं, की आपला खेळ सगळीकडे एकाच पद्धतीनं खेळला जाऊ लागला तर तो मिळमिळीत होऊन जाईल. माझं आणि माझ्या सहलेखकाचंच कितीतरी बाबतींत पटत नाही, दोघांच्याही घरी छापील नियमांपेक्षा वेगळाच खेळ चालतो, आणि त्यात काही बिघडत नाही, असंही त्यानं सांगून टाकलं होतं. १९८२ मध्ये त्याच गायगॅक्सनं आपल्या कंपनीच्या मासिकात बुद्धिबळ आणि पोकरचा दाखला देऊन बजावलं, की नियम बदलले की खेळ बदलतो; अधिकृत नियमांत कुणाला पदरची भर घालायची असेल तर त्यानं खुशाल घालावी, पण मग आपण आमचाच खेळ खेळतो असं म्हणू नये. मधल्या सात वर्षांत या माणसाचं मत असं उलटंपालटं का झालं, त्याची ही हकीगत.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे पंच आणि निवेदक दोन्ही. तो तळघरं, भुयारं, राक्षस, खजिने आधीच रचून ठेवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार. आपलं पात्र काय करतं ते तोंडानं सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. कधी वीस बाजूंचा, कधी आठ बाजूंचा. पट नसला तरी चालतं, जिंकणं-हरणं ठरलेलं नसतं आणि एकच खेळ वर्षानुवर्षं चालू राहतो. यात भांडणाला किती वाव आहे हे गल्ली क्रिकेट खेळलेल्या कुणालाही सांगायला नको. चेंडू समोरच्यांच्या गॅलरीत गेला तर सिक्सर की आऊट हे त्या गल्लीपुरतं ठरलेलं असतं, आणि शेजारच्या गल्लीतला पोरगा खेळायला आला की पहिल्या षटकातच वाद पेटतो. इथं तर प्रत्येक टेबल ही नव्यानं बांधलेली गल्ली होती.

पण पंच मोठा की पुस्तक हा वाद गायगॅक्सच्या जन्माआधी शंभरेक वर्षं सुरू झाला होता, आणि तोही प्रशियाच्या लष्करात. तोफखान्यातल्या रायस्वित्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटनं १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम छापले. वडिलांनी राजासाठी असाच एक खेळ बनवला होता, तो मुलानं सुधारला. एकास आठ हजार प्रमाणाचा खराखुरा नकाशा, त्यावर तुकड्यांचे ठोकळे, दर खेळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. किती माणसं पडली हे फासा आणि कोष्टकं पाहून ठरवायचं. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम पंचाकडे द्यायचे, आणि शत्रूचं जेवढं खरोखर दिसलं असतं तेवढंच पंच त्यांना नकाशावर दाखवणार. सेनापती म्युफलिंग यांना हा प्रकार एवढा पसंत पडला, की त्यांनी तो सगळ्या सैन्याला शिफारस करून टाकला. रायस्वित्झचं पुढचं आयुष्य मात्र करुण आहे. १८२७ मध्ये त्यानं आत्महत्या केली.

खेळ रुजला तशी कुरकुरही सुरू झाली. दोन मिनिटांच्या चकमकीचा हिशेब करता करता पंचाची दमछाक व्हायची, आणि एवढं करून निकाल असा लागायचा की रणांगण पाहिलेल्या अधिकाऱ्याला हसू यावं. १८७३ मध्ये मेकेल या अधिकाऱ्यानं कोष्टकांच्या या जंजाळावर टीका केली. (हाच मेकेल पुढे जपानला गेला आणि तिथल्या लष्कराला जर्मन पद्धतीचे धडे दिले.) १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनानीनं तर कोष्टकं आणि फासे गुंडाळूनच ठेवले. अनुभवी अधिकारी पंच म्हणून बसला आहे ना, मग तो सांगेल तो निकाल. झालं, यावर लगेच उलट ओरड: पंच वरच्या हुद्द्याचा असेल आणि त्याचे लाडके विद्यार्थी एका बाजूला असतील, तर दाद कुणाकडे मागायची? कोष्टक निदान कुणाचं तोंड पाहून बोलत नाही. दोन्ही पक्षांचं म्हणणं बरोबर होतं आणि आजही आहे. एच. जी. वेल्सनं १९१३ साली शिशाच्या सैनिकांच्या खेळाचं पुस्तक लिहिलं तेव्हा त्यानं आपल्यापुरती युक्ती काढली: स्प्रिंगची खेळण्यातली तोफ घ्यायची, गोळी मारायची, जो सैनिक आडवा होईल तो मेला. यावर वाद घालणार कसा? पण वेल्सच्या सैनिकांना कुणाशी वाटाघाटी करायच्या नव्हत्या, कुणाला फसवायचं नव्हतं. माणसं तशी वागायला लागली की स्प्रिंगची तोफ कामाची नाही.

प्रशियाचं हे लोण अमेरिकेत आणलं टॉटन नावाच्या लेफ्टनंटनं. १८८० मध्ये त्याचं 'स्ट्रॅटेगोस' हे पुस्तक निघालं आणि ग्रंथालयात धूळ खात पडलं. सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते सापडलं. त्याच्या मित्रमंडळात नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळत आणि नियमांवरून तासन् तास हुज्जत घालत. टॉटनच्या पुस्तकातून वेस्लीनं जे उचललं ते एवढंच: खेळाडूला काहीही करून पाहायची मुभा हवी, आणि त्यातून काय निष्पन्न होतं ते पंचानं ठरवावं.

१९६९ मध्ये वेस्लीनं ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर एक खेळ बेतला. लढाई नंतर होणार होती. त्याआधी कुणी गावचा नगराध्यक्ष, कुणी विद्यार्थी, कुणी व्यापारी अशा भूमिका त्यानं वाटून दिल्या. सैन्यं समोरासमोर यायच्या आतच मंडळी कोपऱ्यात जाऊन आपापसांत कट शिजवू लागली. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. द्वंद्वयुद्धाचा नियमच नव्हता. वेस्लीनं तिथल्या तिथं बनवला. संध्याकाळ संपली तेव्हा सगळा बट्ट्याबोळ झाला अशी त्याची समजूत होती. मंडळी मात्र पुन्हा कधी खेळायचं म्हणून मागे लागली. अशाच एका पुढच्या खेळात, लॅटिन अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशात, डेव्ह आर्नेसन हा खेळाडू सीआयएचं खोटं ओळखपत्र घरून बनवून घेऊन आला आणि त्यानं निम्म्या टेबलाला गंडवलं. असं ओळखपत्र वापरता येतं असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. वापरता येत नाही असंही लिहिलेलं नव्हतं. मला तर या सगळ्या छंदाचं बीज त्या ओळखपत्रात दिसतं.

१९७१ पासून आर्नेसननं ब्लॅकमूर नावाचं आपलं जग उभं केलं. राजवाडा, त्याखालची भुयारं, त्यात उतरणारे वीर. लढाईसाठी त्यानं सुरुवातीला 'चेनमेल' हे छापील पुस्तक घेतलं होतं. पण एका फटक्यात आपला जपलेला वीर मरतो हे खेळाडूंना सहन होईना. मग आर्नेसननं आपल्याच जुन्या आरमारी खेळातली कल्पना उचलली: चिलखती जहाज जसं ठरावीक मारा सोसून मगच बुडतं, तसा माणूसही काही फटके सोसेल. आज कितीतरी व्हिडिओ गेममध्ये पात्राच्या नावाशी आयुष्याचा जो आकडा असतो तो असा खेळाडूंच्या तक्रारीतून आला. आर्नेसन नियम सतत बदलायचा, आणि ते खेळाडूंना दाखवायचाही नाही. तुम्ही काय करता ते सांगा, पुढचं मी बघतो, असा त्याचा खाक्या. त्याचं पुस्तक त्याच्या डोक्यात होतं.

'चेनमेल'च्या दोन लेखकांपैकी एक गायगॅक्स. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहणारा, शिकागोतली विम्याची नोकरी १९७० मध्ये गमावलेला, नंतर घरी चपला-बूट दुरुस्त करून संसार चालवणारा. १९७२ च्या शेवटी आर्नेसन त्याच्या घरी आला आणि त्यानं ब्लॅकमूर खेळून दाखवलं. गायगॅक्सनं आर्नेसनकडून टिपणं मागवली. आली ती थोडीशी पानं, त्यातलं बरंचसं दुसऱ्याला न लागणारं. त्यावरून आणि स्वतःच्या डोक्यातून गायगॅक्सनं दणादण टंकलेखन करून दीडशेएक पानांचा मसुदा तयार केला. प्रकाशक मिळेना, म्हणून ऑक्टोबर १९७३ मध्ये मित्र डॉन के याच्यासह त्यानं टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आलं: एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, एक हजार प्रती.

या पुस्तिका आज वाचल्या तर एखादं पान निसटलं की काय असं वाटत राहतं. लढाई कशी करायची? तर दुसरं पुस्तक, 'चेनमेल', पाहा. नाहीतर हा घ्या पर्याय. रानात भटकंती करायची? मग भलत्याच कंपनीच्या एका खेळाचा पट विकत आणा. पहिला वार कुणी करायचा, एका फेरीत किती वेळ जातो, याची धड उत्तरं नाहीत. ज्यांनी आधी युद्धखेळ खेळले होते त्यांनी आपल्या सवयीनं भोकं बुजवली. बाकीच्यांनी मनाला येईल तशी. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रे या ग्रंथपालानं हे नियम वाचून हात टेकले आणि १९७५ मध्ये साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा स्वतःचा खेळच छापून टाकला. माझ्या मते मूळ पुस्तिका नीटनेटक्या असत्या तर हा छंद एवढा पसरला नसता. प्रत्येक टेबलावर कुणीतरी एक जण नाइलाजानं कायदेपंडित झाला, आणि स्वतः केलेला कायदा माणूस सहजी सोडत नाही.

कॅलिफोर्नियात तर याला ऊत आला. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी जून १९७५ मध्ये 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' नावाचं नियतकालिक सुरू केलं. ज्यानं त्यानं आपली पानं लिहून पाठवायची, बाईंनी सगळी एकत्र टाचून टपालानं सगळ्यांना धाडायची. पुढच्या अंकात मागच्या अंकातल्या प्रत्येकाला उत्तर. सायक्लोस्टाईलच्या शाईचा वास ज्यांना आठवतो त्यांना या प्रकाराची गंमत कळेल. गायगॅक्सचं ते उदार पत्र याच नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात छापलं गेलं.

सगळ्यात कडाक्याचा वाद जादूवरून झाला. छापील नियमात जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो आणि एकदा म्हटला की तो मंत्र डोक्यातून पुसला जातो. ही कल्पना जॅक व्हॅन्सच्या १९५० च्या 'द डायिंग अर्थ' या पुस्तकातली. ते न वाचलेल्यांना हे निव्वळ खुळचट वाटे. पाठ केलेला मंत्र म्हटल्यानं विसरतो कसा? त्यांनी आपल्या जादूगारांना शक्तीचे गुण दिले. गुण असतील तोवर हवा तो मंत्र म्हणा. कॅल्टेकमधल्या विद्यार्थ्यांनी अशा दुरुस्त्यांची पूर्ण आवृत्तीच 'वॉरलॉक' या नावानं १९७५ मध्ये छापली. स्टीव्ह पेरिननं लढाईचा क्रम ठरवणारे संकेत लिहून काढले. ते कॅलिफोर्नियातल्या टेबलांवर चलनात आले आणि पुढे त्यानं १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट' हा वेगळाच खेळ केला. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे, उर्दूची पाठ्यपुस्तकं लिहिणारे प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर यांनी आपल्या खेळात वीसचा आकडा पडला की दुप्पट घाव असा नियम घातला. लोकांना तो फार आवडला. गायगॅक्सला शेवटपर्यंत मान्य झाला नाही, आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता: राक्षस तर खेळाडूंपेक्षा जास्त वेळा फासा टाकतात, मग हा नियम मारणार कुणाला?

शिवाय पात्रं टेबल बदलायची. मित्राच्या भुयारात लुटलेली जादूची तलवार घेऊन एखादा वीर तुमच्या भुयारात हजर. ती तलवार मानायची की नाही? तिकडचा डंजन मास्टर खैरात वाटणारा आणि इकडचा कंजूष असला की मैत्रीवर बेतायचं. टीएसआरचा संपादक टिम कॅस्क तर १९७६ मध्ये देवादिकांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत या खैरात मंडळींवर उघड घसरला: बघा, आमच्या देवांपेक्षा तुमचे वीर बलवान झालेत, आता तरी लाज वाटू द्या, असा एकंदर सूर.

गायगॅक्सचं मन पालटलं ते या सगळ्या गदारोळात. कारणं बरीच होती, आणि सगळी काही स्वार्थाची नव्हती. जुलै १९७५ मध्ये बाल्टिमोरला ओरिजिन्स हे संमेलन भरलं. तिथं त्यानं 'टूम ऑफ हॉरर्स' हे जीवघेणं भुयार स्पर्धेसाठी मांडलं. वेगवेगळे गट, वेगवेगळे पंच, भुयार एक, आणि शेवटी गुण. आता एका पंचानं फळ्यांच्या फटी तपासू दिल्या आणि दुसऱ्यानं दिल्या नाहीत, तर तुलना कशाची करणार? त्यात शंका विचारणाऱ्या पत्रांचा कंपनीकडे रतीब सुरू झाला. आणि इतरांनी काढलेल्या पुरवण्या बाजारात खपत होत्या. डेव्ह हारग्रेव्हच्या 'आर्डुइन' पुस्तकांवर तर टीएसआरनं वकिलामार्फत डोळे वटारले. १९७८ मध्ये मासिकातल्या लेखात गायगॅक्सनं शक्तिगुणवाल्यांची हजेरी घेतली आणि हौशी नियतकालिकांना हीन प्रतीचं म्हणून झिडकारलं. तीनच वर्षांपूर्वी तो स्वतः तिथं लिहीत होता.

याच काळात त्याचा मोठा संच आला: डिसेंबर १९७७ मध्ये 'मॉन्स्टर मॅन्युअल', १९७८ मध्ये 'प्लेयर्स हँडबुक', १९७९ मध्ये 'डंजन मास्टर्स गाईड'. नाव, ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स. सगळ्या गोष्टींना नियम, हाणामारीला नियम, शस्त्राच्या वेगाला नियम. कुस्तीचे नियम इतके गुंतागुंतीचे की त्यापेक्षा खरी कुस्ती सोपी. यातले काही नियम आपण स्वतःच्या टेबलावर वापरत नव्हतो हे गायगॅक्सनं पुढे कबूल केलं. काही वाद तर त्यानं नियमाऐवजी राक्षस सोडून मिटवले. खेळाडू प्रत्येक दाराला कान लावून आत काय आहे ते ऐकायचे. त्यांना मना कसं करणार? मग राक्षसांच्या पुस्तकात एक किडा आला: लाकडात राहणारा, दाराला कान लावला की कानात शिरणारा. हा माणूस भांडखोर होता पण रुक्ष नव्हता.

'डंजन मास्टर्स गाईड'चं सुरुवातीचं आवाहन एकसारखेपणाचं आहे: सगळीकडे खेळ ओळखू येईल असा राहू द्या, मूळ चौकट मोडू नका. शेवटच्या समारोपात मात्र ठळक अक्षरांत सांगितलं आहे की अक्षरापेक्षा आशय मोठा, आणि पुस्तकातली वाक्यं तोंडावर फेकणाऱ्या हुज्जतखोर खेळाडूंना पंचानं भीक घालू नये. प्रशियातले दोन्ही पक्ष एकाच पुठ्ठ्यात बांधलेले. पंचाला पुस्तकापुढे वाकायला सांगायचं आणि खेळाडूंना पंचापुढे, अशी ती उतरंड होती. पुस्तकाच्याही वर लेखक.

आणि इथंच पैशाचा प्रश्न येतो. आर्नेसन १९७६ मध्येच टीएसआरमधून बाहेर पडला होता. मूळ खेळाचा सहलेखक म्हणून मानधनात करारानं त्याचा वाटा होता. ॲडव्हान्स्ड पुस्तकांवर नाव फक्त गायगॅक्सचं. १९७९ मधल्या लेखांत गायगॅक्सनं ठासून मांडलं, की ॲडव्हान्स्ड हा मूळ खेळापासून निराळा, स्वतंत्र खेळ आहे. खेळाडूंनी ते नियमांबद्दलचं मत म्हणून वाचलं. आर्नेसनच्या लेखी ते मानधनाबद्दलचं होतं; त्याच वर्षी त्यानं मिनेसोटात दावा ठोकला होता. निराळा खेळ म्हणजे किती निराळा? नियम बदलले की खेळ बदलतो, हे तत्त्व टेबलावर कानात शिरणाऱ्या किड्याइतकं निरुपद्रवी वाटलं तरी कोर्टात त्याला टक्केवारी चिकटलेली होती. माझं मत विचाराल तर गायगॅक्सला एकसारखेपणा मनापासूनही हवा होता; पण तो इतक्या त्वेषानं हवा होता त्याचं कारण हा दावा आहे.

मार्च १९८१ मध्ये तडजोड झाली आणि ॲडव्हान्स्डच्या त्या मुख्य पुस्तकांवर आर्नेसनला अडीच टक्के मानधन मिळालं. तेवढ्यावर भागलं नाही. १९८३ मध्ये 'मॉन्स्टर मॅन्युअल'चा दुसरा भाग आला. हे नवं पुस्तक की जुन्याचीच सुधारित आवृत्ती, यावर पुन्हा कोर्ट. मार्च १९८५ मध्ये न्यायाधीशांनी आर्नेसनच्या बाजूनं कौल दिला. ऑक्टोबरमध्ये टीएसआरच्या समभागांची उलथापालथ झाली, गायगॅक्सचे भागीदार ब्लूम बंधू यांचा हिस्सा कंपनीतल्याच लॉरेन विल्यम्स यांनी घेतला आणि गायगॅक्सला अध्यक्षपदावरून खाली उतरावं लागलं. तो कोर्टात गेला आणि हरला. १९८९ ची दुसरी आवृत्ती त्याच्याशिवाय निघाली, आणि तिच्यात कितीतरी नियमांवर स्पष्ट शेरा होता: ऐच्छिक.

गायगॅक्सनं १९९२ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडून 'डेंजरस जर्नीज' हा नवा खेळ काढला. टीएसआरनं त्याच्यावर दावा लावला, की हे नियम आमच्या खेळावरून घेतले आहेत. १९९४ मध्ये तडजोड झाली. टीएसआरनं त्या खेळाचे सगळे हक्क विकत घेतले आणि तो छापणं कायमचं बंद करून टाकलं.